तीन कुकारे आणि एक फडकं

“पोरी, हे असं पांढरंच राहणार काय?”

नाझनीनच्या अब्बांनी हे इतक्या सौम्य आवाजात विचारलं की त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर, म्हणजे जिची पाठ शाबूत होती त्या एकमेव खुर्चीवर, ते बसले होते. समोरच्या स्क्रीनवर मी बनवलेलं वेबपान. पान कसलं, पांढराशुभ्र चौकोन आणि वरच्या कोपऱ्यात गरगर फिरणारं एक वेटोळं.

“येईलच आता,” मी म्हटलं. “नेट जरा स्लो आहे.”

“नेट व्यवस्थित आहे,” मागून मयेकर मॅडम म्हणाल्या. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमना खोटं बोलता यायचं नाही, अगदी निकडीच्या वेळीसुद्धा.

नाझनीन माझ्या पाठीशी उभी होती. तिने माझ्या कोपराला चिमटा काढला. त्या चिमट्याचा अर्थ मला पाठ होता: शर्वाणी, काहीतरी कर! मी पान परत उघडलं. पांढरं. परत उघडलं. पांढरं.

अब्बांच्या शर्टाच्या खिशात चौघडी घातलेला एक कागद होता. त्याचं टोक वर डोकावत होतं, आणि मी स्क्रीनकडे कमी आणि त्या टोकाकडे जास्त बघत होते. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, असा तो अर्ज होता. अब्बा खरं तर तोच द्यायला आले होते. “आधी शर्वाणीचं पान बघा, मग ऑफिसात जा,” असं म्हणत नाझनीनने त्यांना जवळजवळ ओढत लॅबमध्ये आणलं होतं. म्हणजे आमची मैत्री, पहिल्या बाकावरची आमची जागा, डब्यातली बोंबलाची चटणी, सगळं त्या गरगरणाऱ्या वेटोळ्यावर येऊन टेकलं होतं.

मी तेव्हा नववीत होते. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की पूर्वी माझा घसा बंद व्हायचा, आणि त्या वर्षी अचानक उघडला होता. इतका की घरचे म्हणायचे, आता जरा मिट. आणि हे सगळं त्या पानामुळे झालं होतं.

आमची शाळा आंबेतळीत, खाडीच्या अलीकडच्या काठाला. नाझनीन सोलकरचं गाव भाटवली, पलीकडच्या काठाला. मधे खाडी इतकी चिंचोळी होते की हवा शांत असली तर या धक्क्यावरची हाक त्या धक्क्यावर ऐकू जाते. जनूमामांची इंजिनाची होडी भाटवलीच्या मुलांना ने-आण करायची. पण वारा वाढला की होडी बंद. मग राहायचा वरच्या अंगाचा पूल, म्हणजे एसटीने अख्ख्या डोंगराला वळसा. सकाळी एसटी एकच, आणि ती होडीच्या आधी सुटायची. त्यामुळे भाटवलीच्या मुलांना रोज घरातून निघतानाच ठरवावं लागायचं, होडी की एसटी? होडी धरून धक्क्यावर गेलं आणि होडी बंद निघाली, की एसटीही गेलेली. शाळा बुडाली.

आमच्या टेकडीवर एका संशोधन संस्थेचं वारा मोजायचं यंत्र होतं. त्याचे ताजे आकडे संस्थेच्या वेबसाइटवर दिसायचे, पण इंग्रजीत आणि तक्त्यांच्या जंगलात. मयेकर मॅडमनी मला पीएचपी, म्हणजे वेबपानामागची स्क्रिप्ट लिहायची भाषा, शिकवली होती. मग मी शाळेच्या वेबसाइटवर एक पान बनवलं. कोणी ते उघडलं की शाळेचा, दूर शहरात कुठेतरी ठेवलेला सर्व्हर संस्थेच्या वेबसाइटला विचारायचा, वारा किती? आकडा आला की पान ठसठशीत अक्षरांत सांगायचं: होडी आहे. नाहीतर: होडी नाही, एसटी धरा.

बास, एवढंच. पण भाटवलीचे लोक सकाळी चहाबरोबर माझं पान उघडायला लागले! जनूमामासुद्धा विचारायचे, “काय गो, तुझ्या पानावर मी आज हाय का नाय?” मी हवेतच होते.

मग आश्विनात एक संध्याकाळ अशी आली की दुपारपर्यंत सगळं छान, आणि शाळा सुटता सुटता वारा सुटला. होडी बंद. झाडं पडून आमच्या गावातली वीज गेली आणि तिच्यामागून फोनही गेले. संध्याकाळची एसटी आलीच नाही. नाझनीन आमच्याकडे राहिली. खरं सांगायचं तर आम्हाला ती संध्याकाळ भयंकर आवडली. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही चुलीवर पापड भाजले, भिंतीवर सावल्यांचे उंट काढले, आणि आई तीनदा ओरडेपर्यंत हसत होतो. सकाळी वारा पडला आणि ती पहिल्या होडीने घरी गेली.

त्यानंतर आठवडाभरातच ती म्हणाली, “अब्बा सुट्टीवर येतायत. मला चिपळूणला खालाकडे पाठवणार म्हणतात. तिथल्या शाळेत.”

“का?”

“शाळा बुडते म्हणून असेल. ते काही सांगत नाहीत. अम्मी पण नाही.”

अब्बा मालवाहू जहाजावर होते. महिने महिने समुद्रात. आले की घरातले सगळे मोठे निर्णय घेऊन टाकायचे आणि परत जायचे. या खेपेला सोमवारी निघणार होते.

मला वाटलं, पान आणखी पक्कं केलं की झालं. त्या वाऱ्याच्या संध्याकाळी ते कुणाला तरी उघडलं नव्हतं, असं कानावर आलं होतंच. मॅडम म्हणाल्या होत्या, “समोरची वेबसाइट बंद असेल तर आपली स्क्रिप्ट किती वेळ ताटकळणार, हे तू ठरवलेलंच नाहीस. टाइमआउट घाल.” मी शोधलं आणि घातला. समोरच्याने फोन उचललाच नाही तर थोडं थांबायचं आणि सोडून द्यायचं, तसं. मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन तपासलं. पान न अडकता म्हणालं, माहिती उपलब्ध नाही. मी मॅडमना टाळी दिली आणि नाझनीनला म्हटलं, “आण तुझ्या अब्बांना!”

तिने आणलं. आणि पान पांढरं.

मी पुन्हा पान उघडायला हात नेला तसा मॅडमनी माझा हात धरला. “शर्वाणी, बोट काढ. दरवेळी दाबतेस तेव्हा तू आणखी एक माणूस रांगेत उभा करतेयस. आधीचे अजून तिथेच उभे आहेत.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून मुख्याध्यापकांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “मयेकर मॅडम, शाळेची अख्खी वेबसाइट बंद आहे! शिष्यवृत्तीचे बैठक क्रमांक आज लावलेत, पालक मला फोन करतायत!”

“हो सर. बघतेय सर,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पण बघितलं.

अब्बा उठले. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, जहाजावर सरकवत असतील तशी. “चल नाझनीन. होडी चुकंल. मॅडम, तुमचा टाइम घेतला.” खिशावर हात ठेवून त्यांनी ऑफिसच्या दिशेने बघितलं. ऑफिसला कुलूप लागत होतं. “अर्ज उद्या देऊ,” ते म्हणाले.

मी काही न सुचून त्यांच्यामागून धक्क्यापर्यंत गेले.

होडी पलीकडच्या काठाला बांधलेली दिसत होती. जनूमामा फोन बाळगत नसत. “फोन पाण्यात पडतो, कुकारा पडत नाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुकारा म्हणजे तोंडाभोवती हात धरून मारलेली लांब हाक. आमच्याकडे त्याची रीत ठरलेली आहे. कुकारे घालायचे तीन. ओ आली नाही तर उगाच उभं राहायचं नाही. धक्क्यावरच्या खांबाला एक फडकं बांधायचं आणि वर फाट्यावर एसटीला जायचं. फडकं दिसलं की मागून येणाऱ्याला कळतं, हाक मारून झालीय, होडी आली नाही, तूही वर जा. आणि खूप माणसं जमली तरी कुकारा एकानेच घालायचा. सगळे मिळून बोंबलत नाहीत.

अब्बांनी हात तोंडाशी नेले. “कूऽऽऽ!”

लगेच पलीकडून आलं, “ओऽऽऽ!”

“आला,” अब्बा म्हणाले आणि पायरीवर टेकले.

आम्ही बघत राहिलो. होडी हलली नाही. जनूमामाही दिसले नाहीत. नुसतं पाणी धक्क्याला लागत होतं.

“अब्बा, तुम्ही विसरलात इथलं,” नाझनीन म्हणाली. “ओ दिली म्हणजे निघाले असं नाही. जनूमामा जेवतानासुद्धा ओ देतात. दोर सुटलेला दिसला तर थांबायचं.”

“मग ओ कशाला देतो?”

“बरं दिसत नाही ना, कोणी हाक मारल्यावर गप्प बसायला!”

अब्बा हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. पण मी हसले नाही, कारण मी ताडकन उभी राहिले होते.

“नाझ्या! ओ आली!”

“अगं हो, ऐकली.”

“नाही गं! संस्थेकडून! ओ आली होती! होडी सुटली नाही!”

दोघं माझ्याकडे बघत राहिले आणि मी शाळेकडे धूम ठोकली.

मयेकर मॅडम लॅबचे पंखे बंद करत होत्या.

“मॅडम, आपल्याला ओ मिळाली होती, पण दोरच सुटला नाही!”

“आधी पाणी पी.”

मी पाणी प्यायले, निम्मं अंगावर सांडलं, आणि सांगितलं. मॅडमनी पर्स खाली ठेवली, पंखा परत लावला आणि त्या शाबूत पाठीच्या खुर्चीत बसल्या. “म्हणजे तू मुदत घातलीस ती फक्त जोडणी होईपर्यंतची. चुकीच्या पत्त्यावर कोणी ओच देत नाही, म्हणून तुझी तपासणी पास झाली. आज जोडणी झाली, आणि समोरचा पुढे गप्प बसला.”

“आणि आपण उभेच!”

“आणि आपल्या मागे रांग. बरोबर. मग जोडणीला एक मुदत, आणि सगळ्या कामाला मिळून एक मुदत. दुसरी किती देऊ?”

“तीन कुकारे.”

“सेकंदात सांग बाई.”

मी उभी राहिले आणि लॅबमध्ये, अगदी मनापासून, तीन कुकारे घातले. खालच्या मैदानातून कुणीतरी ओ दिली. मॅडम घड्याळाकडे बघत इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

“सहा-सात सेकंद धरू,” त्या म्हणाल्या. “आणि मुदत संपल्यावर? पान काय सांगणार? ‘माहिती उपलब्ध नाही’? म्हणजे आईने विचारलं, पोर कुठंय, आणि तू म्हणालीस, माहिती उपलब्ध नाही.”

मी विचार केला. “फडकं बांधायचं, मॅडम. हाक मारली होती हे सांगायचं. कुणी आलं नाही हे सांगायचं. शेवटी होडी कधी चालू होती ते सांगायचं. आणि आता काय करायचं तेही.”

“लिही.”

मी टाइप करत गेले, मॅडम मागून बघत होत्या. संस्थेकडून नीट आकडा आला की तो वेळेसकट जपून ठेवायचा. पुढच्या वेळी उत्तर आलं नाही तर तो जुना आकडा दाखवायचा, पण जुना आहे असं स्पष्ट सांगून. आणि दरवेळी विचारायला धावायचं नाही. आत्ताच कुणासाठी तरी विचारलेलं असेल तर तेच उत्तर सगळ्यांना. “कुकारा एकानेच घालायचा,” मी पुटपुटले.

तपासायला मॅडमनी एक गंमत केली. त्यांनी दुसरं एक छोटं पान लिहिलं. ते जोडणी लगेच घ्यायचं आणि मग मुद्दाम झोपून राहायचं. “हे आपले जनूमामा,” त्या म्हणाल्या. माझी स्क्रिप्ट त्या झोपाळू पानाकडे पाठवली. वेटोळं फिरलं, फिरलं, फिरलं. मी श्वास धरून होते. आणि पान उघडलं! अक्षरं आली! जपून ठेवलेला आकडा अजून एकही नव्हता म्हणून मधल्या सुट्टीत बघितलेला मी हातानेच भरला होता. आता स्क्रिप्ट पुन्हा खऱ्या संस्थेकडे वळवली. ती अजून गप्पच होती, आणि मला ती गप्प असल्याचा आनंद झाला.

“जा आता,” मॅडम म्हणाल्या. “पळ.”

मी धक्क्यावर पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. होडी अजून पलीकडेच. खांबाला निळ्या चौकटींचा रुमाल बांधलेला होता, अब्बांचा. रुमाल वाऱ्यावर फडफडत होता आणि मला त्याने नीट सगळं सांगितलं: थांबलो, कोणी आलं नाही, वर गेलोय. मी चढण एका दमात चढले.

फाट्यावर एसटी उभी होती. ड्रायव्हर टपरीवर बशीतून चहा पीत होता. खिडकीत नाझनीन होती, तिच्या शेजारी अब्बा.

“पान उघडा!” मी खालूनच ओरडले. “काका, तुमच्या फोनवर, पान उघडा!”

“अगो, श्वास घे.”

“नंतर घेते!”

त्यांनी फोन काढला, हात लांब धरला. पांढरं. वेटोळं. नाझनीन खिडकीच्या गजाला घट्ट धरून होती. मी मनात मोजत होते. एक कुकारा. दोन.

“आलं,” अब्बा म्हणाले आणि ते जहाजावरची सूचना वाचावी तसे एकेक शब्द वाचू लागले. “संस्थेला विचारलं, पण अजून उत्तर आलेलं नाही. शेवटची माहिती दुपारी दीडची. तेव्हा वारा मध्यम, होडी चालू होती. आत्ताचं नक्की माहीत नाही. वाट बघू नका. एसटी धरा.”

त्यांनी परत वाचलं, या वेळी मनात.

“चाललं ना अब्बा? चाललं!” नाझनीन म्हणाली.

“व्हय,” ते म्हणाले. मग फोन खाली ठेवून खिडकीतून माझ्याकडे वाकले. “तुला एक सांगू? हिच्या अम्मीनं सांगू नको म्हटलंय. म्हणाली, पोरीनं एवढ्या हौसेनं बनवलंय, मन मोडंल तिचं.”

“काय?”

“त्या वाऱ्याच्या सांजेला ती धक्क्यावर उभी होती. त्या टायमाला भाटवलीत फोनची रेंज गेलेली, पंचायतीचं वायफाय तेवढं धक्क्यावर लागत होतं. तुजंच पान उघडून उभी. पांढरं. वरती ते फिरतंय. तिला वाटलं, आता येईल. आता सांगंल. आता येईल. लोक म्हणाले, घरी चल, गाडी घेऊन कुणाला तरी पुलावरनं पाठवू. ती म्हणाली, थांबा, उघडतंय. चार्जिंग संपेपर्यंत उभी होती. तवर पुलावरची वाट झाडांनी बंद.”

माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे सावल्यांचे उंट आले. नाझनीन अब्बांकडे बघत होती. हे तिलाही माहीत नव्हतं.

“मला तुमची शाळा वाईट वाटत नाय,” अब्बा म्हणाले. “वाऱ्याला कोण काय करणार? मी दर्यावर असतो, मला काय वाऱ्याचं नवल? पण ते आता येईल, आता येईल... ते नाय बघवत मला. ती माझ्या फोनचीसुद्धा तशीच वाट बघते. महिने महिने.” त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “‘नक्की माहीत नाही’ असं लिवलंयस, ते ब्येस केलंस. ते कळलं असतं तर ती घरी गेली असती. दुसरं काहीतरी केलं असतं.”

ड्रायव्हरने बशी ठेवली, दार आपटलं.

“काका, तो अर्ज?”

त्यांनी खिशावर हात ठेवला. कागदाचं टोक आत दाबलं. एसटी सुरू झाली आणि त्यांनी जे काही उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात गेलं. नाझनीनने खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी खुणावलं. हो की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, ऑफिस दुपारपर्यंत. मी प्रत्येक तासानंतर पाणी प्यायच्या निमित्ताने ऑफिससमोरून गेले. शिपाईकाका म्हणाले, “आज वाळवंटात चाललीयस काय?” अब्बा आले नाहीत. नाझनीनही आली नाही. रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी सकाळी मी पान उघडलं. वारा मंद, होडी आहे, माहिती आत्ताची. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

होडी अर्ध्यावर असतानाच नाझनीन तिच्यात उभी राहिली आणि जनूमामा तिच्यावर खेकसले, “बस खाली, बुडवशील!”

“अर्ज धुतला!” ती पाण्यावरूनच ओरडली. “शर्टासकट! अम्मीने भिजवला आणि आपटला!”

“चुकून?”

“अम्मी चुकून शर्ट धुते होय? खिसे बघितल्याशिवाय?” ती धक्क्यावर उडी मारून आली. “अब्बांनी शर्ट स्वतः काढून तिच्या हातात दिला. म्हणाले, खिसा बघू नको. पहाटे गेले जहाजावर. आणि जनूमामा, अब्बांचा रुमाल द्या!”

“कसला रुमाल?” जनूमामांनी कपाळावरचा घाम निळ्या चौकटींच्या रुमालाने पुसत विचारलं. “आणि त्या दिवशी मी ओ दिली होती बरं का. सांगितलंस ना बाबाला?”

आता खाडीच्या तोंडावर नवा पूल झालाय. होडी थांबली. जनूमामा धक्क्यावर गळ टाकून बसतात आणि पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतात. नाझनीन दहावी आमच्याच शाळेतून झाली, माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून, आणि याची ती दर फोनवर आठवण करून देते. आता ती पुण्याला होस्टेलवर असते. मी बारावीत आहे आणि शनिवारी शाळेत जाऊन आठवीच्या मुलींना पीएचपी शिकवते. कुणाची स्क्रिप्ट अडकली की मी लॅबमध्ये तीन कुकारे घालते. आधी त्या घाबरल्या. आता त्याही घालतात.

संस्थेचं यंत्र टेकडीवरून हललं, जुन्या पत्त्यावर कोणी ओ देत नाही. पण माझं पान अजून आहे. उघडलं की थोडं थांबतं, विचारून बघतं, आणि मग न रुसता सांगतं की उत्तर आलेलं नाही, शेवटची माहिती मार्चमधल्या एका सकाळची, तेव्हा वारा मंद, होडी चालू होती. मयेकर मॅडमनी विचारलं, “काढून टाकायचं का?” मी म्हटलं, “राहू दे ना मॅडम. कुणाला अडवत तर नाही.” खरं म्हणजे मला ती सकाळ माहीत आहे. आम्ही दोघी होडीच्या टोकाला बसून हॉल तिकिटांवर नावं बरोबर आहेत का ते बघत होतो.

परवा दुपारी अभ्यासाला बसले होते आणि फोनवर नाझनीनचा व्हॉइस मेसेज आला. लावला. नुसतं “कूऽऽऽ!” मागे पाण्याचा आवाज. ती सुट्टीला घरी आली होती आणि मला सांगितलंसुद्धा नव्हतं, शहाणी! मी लगेच “ओऽऽऽ!” पाठवलं.

तिचं उत्तर आलं, “ओ नको देऊ नुसती. दोर सोड.”

मी पुस्तक उलटं टाकलं, आईला भाटवलीला चालले म्हणून ओरडून सांगितलं आणि सायकल काढली. ऊन होतं, समोरून वारा होता, आणि पुलाच्या चढावर मी इतकी धापा टाकत होते की उतरून ढकलावी लागली. पुलाच्या मध्यावरून भाटवलीचा धक्का दिसतो. माणूस ओळखू येत नाही तेवढ्या अंतरावरून. पण खांब दिसतो. मी सायकल धरून, डोळ्यांवर हात घेऊन नीट बघितलं.

फडकं नव्हतं. मी उतारावर पॅडल सोडून दिलं.